एकवीस दिवसांची जबाबदारी : अंडी उबवणी यंत्राचा पहिला प्रयोग

परसातील कोंबडी ही ग्रामीण कुटुंबाची, विशेषतः अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबातील स्त्रीची, हक्काची पुंजी होय. सणावाराला, आजारपणात किंवा मुलांच्या शाळेच्या खर्चाला तीच उपयोगी पडते. २०१९ साली झालेल्या विसाव्या पशुगणनेत देशातील कुक्कुट पक्ष्यांची संख्या सुमारे ८५ कोटी आढळली. त्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी पक्षी परसातील होते. मोठ्या व्यापारी कुक्कुटशाळांच्या काळातही घरामागील खुराड्याचे महत्त्व कमी झालेले नाही, हेच या आकड्यांवरून दिसून येते.

तथापि, परसातील कळप वाढविण्याची गती फारच मंद असते. देशी कोंबडी वर्षाकाठी साधारणतः ६० ते ८० अंडी देते. मधूनच ती खुडूक होते, दहा-बारा अंड्यांवर एकवीस दिवस बसते आणि पुढे कित्येक आठवडे पिल्लांना सांभाळते. या सर्व काळात ती अंडी देत नाही. शिवाय, हवी तेव्हा कोंबडी खुडूक होईलच असेही नाही. या अडचणीवर उपाय म्हणून पन्नास, शंभर किंवा दोनशे अंड्यांची छोटी विजेवर चालणारी उबवणी यंत्रे आता सहज उपलब्ध झाली आहेत. महिला बचत गट, ग्रामपंचायती, शाळा व कृषी विद्यालये ती घेऊ लागली आहेत.

या यंत्रांविषयी एक गोष्ट मात्र आरंभीच ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिल्या खेपेला शंभर अंड्यांतून वीसच पिल्ले निघाली, तर बहुधा यंत्रालाच दोष दिला जातो, ते कोपऱ्यात जाते आणि गटातील स्त्रियांची वर्गणी व उमेद दोन्ही बुडतात. वस्तुतः बहुतेक अपयशांची कारणे यंत्र सुरू करण्यापूर्वीच घडून गेलेली असतात किंवा शेवटच्या तीन दिवसांतील उतावळेपणात दडलेली असतात. यंत्र विकत घेणे म्हणजे कोंबडीचे काम स्वतःच्या अंगावर घेणे होय. ते काम नेमके कोणते, हे समजले की पहिला प्रयोगही यशस्वी होऊ शकतो.

कोंबडीची चार कामे

खुडूक कोंबडी अंड्यांवर नुसती बसून असते, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात ती चार कामे करीत असते. पहिले, ती आपल्या अंगाची ऊब अंड्यांना देते. दुसरे, अंड्यांभोवतीची हवा अति कोरडी किंवा अति दमट होऊ देत नाही. तिसरे, ती दिवसातून अनेक वेळा चोचीने व पायांनी अंडी फिरविते. चौथे, दाणापाण्यासाठी थोडा वेळ उठते तेव्हा अंड्यांना मोकळी हवा मिळते. उष्णता, आर्द्रता, फिरविणे आणि हवा या चार गोष्टी ज्या साधनाने अखंड पुरविता येतील, ते साधन उबवणी यंत्र ठरते.

ही कल्पना नवी नाही. इजिप्तमध्ये जमिनीत शेणखताच्या उबेत अंडी उबविली जातात, असा उल्लेख ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने केलेला आहे. त्या देशात पुढे कच्च्या विटांच्या मोठ्या भट्ट्या बांधून हजारो अंडी एकाच वेळी उबविण्याची कला विकसित झाली. तेथील कारागिरांजवळ तापमापक नव्हता. अंडे डोळ्याच्या पापणीला लावून ते उष्णतेचा अंदाज घेत. ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने उष्णता आपोआप नियंत्रित करणारी युक्ती शोधून काढली. तापमापनाची स्वतःची श्रेणी तयार करणारा फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७४९ साली कृत्रिम उबवणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पापणीची जागा तापमापकाने घेतली आणि कारागिराच्या हातची कला कोणालाही शिकता येईल असे शास्त्र झाले. आजच्या छोट्या यंत्रातही तेच शास्त्र आहे. कारागिराची जागरूकता मात्र यंत्राबरोबर मिळत नाही, ती माणसाने आणावी लागते.

अंड्यांची निवड

यंत्र अंड्यात जीव घालीत नाही. असलेला जीव वाढवते. म्हणून सर्वांत महत्त्वाचा निर्णय अंड्यांचा होय. दुकानात मिळणारी अंडी उबवणीला निरुपयोगी असतात, कारण अंड्यांसाठी पाळलेल्या व्यापारी कळपात नर ठेवलेलेच नसतात. उबवणीची अंडी ज्या कळपात दर आठ ते दहा माद्यांमागे एक निरोगी, तरुण नर आहे अशाच कळपातून घ्यावीत. कळपात नर नव्याने सोडला असल्यास आठ-दहा दिवस थांबून मग अंडी जमा करण्यास प्रारंभ करावा.

अंडी मध्यम आकाराची, घाट चांगला असलेली व जाड, एकसारख्या कवचाची असावीत. अति मोठी, अति लहान, तडा गेलेली, खडबडीत किंवा फार लांबट अंडी बाजूला ठेवावीत. मळकी अंडी धुऊन वापरण्याची चूक हमखास होते. अंड्याच्या कवचात हजारो सूक्ष्म छिद्रे असतात व त्यांवर एक नैसर्गिक थर असतो. अंडे धुतले की हा थर जातो आणि रोगजंतूंना वाट मोकळी होते. यास्तव, घरट्यात स्वच्छ भुसा किंवा गवत घालून दिवसातून दोन-तीन वेळा अंडी गोळा करणे हाच खरा उपाय होय.

अंडी साठविण्याचा काळ शक्यतो सात दिवसांहून अधिक नसावा. साठवणीसाठी सुमारे १५ ते १८ अंश सेल्सिअस तापमान उत्तम. घरगुती शीतकपाटातील थंडी यापेक्षा बरीच अधिक असल्याने ते टाळावे. तापमान २० ते २१ अंशांच्या वर गेले की अंड्यातील गर्भ हळूहळू वाढू लागतो. ही अर्धवट वाढ त्याला दुबळे करते. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात घरातील तापमान यापेक्षा कितीतरी अधिक असते. अशा वेळी ओल्या वाळूत अर्धवट पुरलेले मातीचे मडके, त्यात तळाशी कोरडे गवत व वर सच्छिद्र कापड, ही साधी सोय उपयोगी पडते. तरीही उन्हाळ्यात तीन-चार दिवसांहून जुनी अंडी घेऊ नयेत. साठविताना अंड्याचे रुंद टोक वर असावे.

अंड्यांची जात हाही विचाराचा विषय आहे. गिरिराज, वनराज यांसारखे परसासाठी विकसित केलेले सुधारित पक्षी हे नियोजनपूर्वक केलेल्या संकराचे फळ आहेत. त्यांच्याच अंड्यांतून घरी पुढची पिढी काढल्यास आईबापांचे गुण त्याच प्रमाणात उतरतील असे नाही. सुधारित पक्षी हवे असल्यास त्यांची उबवणीची अंडी किंवा एकदिवसीय पिल्ले पशुसंवर्धन विभागाच्या वा कृषी विद्यापीठाच्या केंद्रातून घ्यावीत. गावाजवळचे छोटे यंत्र देशी कोंबडीचा चांगला कळप वाढविण्यासाठी अधिक उपयुक्त ठरते. अंडी कोणत्या कळपाची आहेत हे माहीत असणेही तितकेच आवश्यक आहे. पांढऱ्या हगवणीसारखे काही रोग मादीकडून अंड्यावाटे थेट पिल्लात येतात आणि एका घरची रोगट अंडी दहा घरांची पिल्ले मारतात.

यंत्राची जागा आणि पूर्वतयारी

छोट्या यंत्रात ऊब देण्याची सोय असते, गारवा देण्याची नसते. ही बाब विदर्भ, मराठवाडा व खानदेशात विशेष महत्त्वाची आहे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतील तापमान ४२ अंशांवर गेले, तर यंत्रातील दिवा बंद असूनही अंडी तापतच राहतात. यंत्र आतल्या, जाड भिंतींच्या, उन्हाची तिरीप न येणाऱ्या खोलीत ठेवावे. वाऱ्याच्या झोतात किंवा चुलीजवळ ते नसावे. पहिला प्रयोग हिवाळ्यात किंवा हिवाळ्याच्या अखेरीस करणे हिताचे. कोकणात पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की यंत्रातील पाण्याचे पात्र पूर्ण भरण्याची गरज राहत नाही. उलट कोरड्या प्रदेशात तेच पात्र दिवसातून दोनदा पाहावे लागते. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेतील सूचना सर्व हवामानांना सारख्याच लागू पडत नाहीत.

अंडी ठेवण्यापूर्वी यंत्र पुसून, निर्जंतुक करून निदान एक दिवस, शक्य तर दोन दिवस रिकामे चालवावे. या काळात तापमान स्थिर राहते की नाही, हे दर दोन-तीन तासांनी पाहावे. यंत्रावरील आकडा बरोबर आहे असे गृहीत धरू नये. ताप मोजण्याचा खात्रीचा तापमापक अंड्यांच्या पातळीवर ठेवून तो आकडा पडताळावा. आर्द्रतामापकाची परीक्षाही सोपी आहे. झाकणाच्या बरणीत पाण्याने ओलसर केलेले मीठ एका वाटीत ठेवावे, शेजारी आर्द्रतामापक ठेवून झाकण घट्ट लावावे. काही तासांनी मापकाने सुमारे ७५ टक्के दाखविले पाहिजेत. जितका फरक दिसेल तितका पुढे हिशेबात धरावा. शाळेतील विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग करून घेता येईल.

थंड जागेतून आणलेली अंडी काही तास खोलीच्या तापमानाला राहू द्यावीत व मगच यंत्रात ठेवावीत. सर्व अंडी एकाच वेळी ठेवावीत. रोज चार-चार अंडी भरत गेल्यास प्रत्येकाचा दिवस वेगळा होतो आणि शेवटच्या दिवसांत कोणाचीच सोय नीट होत नाही. दिवस मोजण्यातही गफलत होते. अंडी ठेवल्यानंतर २४ तास झाले म्हणजे एक दिवस पूर्ण होतो. सोमवारी सायंकाळी ठेवलेली अंडी तीन आठवड्यांनी सोमवारीच सायंकाळच्या सुमारास फुटावयास हवीत.

पहिले अठरा दिवस

पंखा असलेल्या यंत्रात हवा सर्वत्र सारखी खेळते, त्यात ३७.५ अंश सेल्सिअस तापमान ठेवावे. पंखा नसलेल्या यंत्रात वरची हवा खालच्यापेक्षा अधिक गरम असते. म्हणून अंड्यांच्या वरच्या कडेशी सुमारे ३८.५ अंश असावे. तापमान थोडे कमी राहिल्यास पिल्ले उशिरा व अशक्त निघतात. थोडे अधिक राहिल्यास लवकर, पण बेंबी न भरलेली व पायांनी अधू अशी निघतात. थंडीपेक्षा अति उष्णता अधिक घातक असते. थंड पडलेले अंडे पुन्हा उबेत आल्यावर बहुधा सावरते. ४० अंशांच्या बरेच वर गेलेले अंडे थोड्या वेळातच दगावू शकते. तापमान कमी दिसताच घाईने बटण फार वाढविणे धोक्याचे आहे. अंडी नुकतीच ठेवली असता काही तास आकडा खाली राहणे स्वाभाविकच होय.

आर्द्रता पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के असावी. ओल्या वातीच्या तापमापकावर हे प्रमाण सुमारे २९ अंश दिसते. आर्द्रतेचे प्रयोजन समजले की आकड्याची भीती उरत नाही. उबवणीच्या काळात अंड्यातील पाणी कवचाच्या छिद्रांतून हळूहळू उडते आणि रुंद टोकाशी असलेली हवेची पोकळी वाढत जाते. याच पोकळीतून पिल्लू पुढे पहिला श्वास घेणार असते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन सुमारे १२ ते १३ टक्के कमी व्हावे. म्हणजे ५० ग्रॅमचे अंडे ४४ ग्रॅमच्या आसपास यावे. चांगला वजनकाटा असल्यास दहा-बारा अंडी दर सहा दिवसांनी तोलून आर्द्रता योग्य आहे की नाही हे ठरविता येते. वजन फार कमी होत असल्यास पाणी वाढवावे. पुरेसे कमी होत नसल्यास पाणी कमी करावे.

अंडी फिरविणे हे काम क्षुल्लक वाटते, परंतु त्याचा लोप गर्भाला महाग पडतो. बलकावर तरंगणारा गर्भ एकाच स्थितीत राहिल्यास कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. आपोआप फिरविणारे यंत्र नसल्यास दिवसातून किमान तीन वेळा, शक्य तर पाच वेळा अंडी हाताने फिरवावीत. संख्या विषम ठेवण्याचे कारण असे की, रात्रीच्या लांब विश्रांतीत अंड्याची तीच बाजू रोज वर राहू नये. एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस वर्तुळ पेन्सिलीने काढले की चूक होत नाही. हात स्वच्छ धुऊनच अंड्यांना स्पर्श करावा.

गर्भ श्वास घेतो आणि तो जसजसा वाढतो तसतशी त्याची हवेची गरजही वाढते. ऊब टिकावी म्हणून यंत्राची हवेची भोके बंद करणे ही गंभीर चूक होय. वीज गेल्यावर यंत्रावर घोंगडी टाकावी, पण भोके उघडी ठेवावीत आणि झाकण उघडू नये. वाढत्या दिवसांची अंडी स्वतःची थोडी उष्णता निर्माण करतात, त्यामुळे भरलेले यंत्र एक-दोन तास तग धरू शकते. जेथे वीज वारंवार व दीर्घकाळ जाते, तेथे बॅटरीची सोय केल्याशिवाय यंत्र मंजूर करणे म्हणजे अर्धेच काम करणे होय.

अंड्यातील जीवाची पाहणी

सातव्या किंवा आठव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत प्रत्येक अंडे प्रकाशासमोर धरून पाहावे. पुठ्ठ्याच्या खोक्यात दिवा ठेवून त्यास रुपयाच्या नाण्याएवढे भोक पाडले की हे साधन तयार होते. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या व मध्ये गडद ठिपका दिसतो. काहीच न दिसणारे स्वच्छ अंडे बहुधा अफलित असते. रक्ताचे नुसते कडे दिसल्यास गर्भ आरंभीच मेला असे समजावे. अशी अंडी काढून टाकावीत, कारण कुजलेले अंडे फुटल्यास सर्व यंत्र दूषित होते. शंका असलेल्या अंड्यावर खूण करून ते दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहावे.

कोंबडीच्या गर्भाचे हृदय दुसऱ्या दिवशीच धडधडू लागते. चौदाव्या दिवसाच्या सुमारास तो डोके रुंद टोकाकडे वळवू लागतो. विसाव्या दिवशी चोचीने हवेची पोकळी फोडून फुप्फुसाने श्वास घेतो. गर्भाचे मृत्यू प्रामुख्याने दोन वेळी होतात : पहिल्या चार दिवसांत आणि शेवटच्या तीन दिवसांत. मधला काळ तुलनेने सुरक्षित असतो. यावरून लक्ष कोठे अधिक द्यावयाचे हे स्पष्ट होते.

शेवटचे तीन दिवस : संयमाची कसोटी

अठरावा दिवस पूर्ण होताच अंडी फिरविणे थांबवावे, ती आडवी ठेवावीत, खाली खरबरीत कापड किंवा जाळी घालावी आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावी. यानंतर यंत्र उघडावयाचे नाही. सर्व प्रयोगातील हीच गोष्ट पाळण्यास सर्वांत अवघड जाते.

पिल्लू कवचाला पहिले छिद्र पाडते आणि मग कित्येक तास काहीच हालचाल दिसत नाही. पहिले छिद्र पडल्यापासून बाहेर येईपर्यंत १२ ते २४ तास लागू शकतात. या काळात ते अडकलेले नसते. उरलेला बलक पोटात ओढून घेणे व पापुद्र्यातील रक्त शरीरात परत घेणे, ही दोन महत्त्वाची कामे ते करीत असते. दयेपोटी कवच सोलल्यास रक्तस्राव होतो. पाहण्याच्या उत्सुकतेने झाकण उघडल्यास आर्द्रता एकदम घटते, पापुद्रा वाळून चामड्यासारखा होतो आणि आतील पिल्लू खरोखरच अडकते. एका पिल्लाला मदत करण्यासाठी उघडलेले झाकण इतर दहांचा जीव घेऊ शकते.

निघालेली पिल्ले वाळून पिसारलेली दिसेपर्यंत यंत्रातच राहू द्यावीत. पोटातील बलकामुळे त्यांना पहिला दिवसभर अन्नपाण्याची निकड नसते. एकदिवसीय पिल्लांची दूरवर वाहतूक शक्य होते ती याच कारणाने.

नोंदवही आणि हिशेब

प्रत्येक खेपेची स्वतंत्र नोंदवही असावी. अंडी कोणत्या घरची, किती दिवसांची, रोजचे तापमान व आर्द्रता, अंडी फिरविल्याच्या वेळा, वीज गेल्याच्या वेळा, पाहणीत काढलेली अंडी व निघालेली पिल्ले एवढ्या नोंदी पुरेत. नोंदीशिवाय यशाचे कारण कळत नाही आणि अपयशाचेही कळत नाही.

समजा, दोन गटांनी प्रत्येकी १०० अंडी ठेवली आणि दोघांनाही ६० पिल्ले मिळाली. वरवर पाहता दोघांचे काम सारखेच. परंतु पहिल्या गटाची ७५ अंडी फलित होती. म्हणजे फलित अंड्यांपैकी ८० टक्के फुटली. त्यांचे यंत्र नीट चालले. कमतरता कळपातील नरांची किंवा अंड्यांच्या साठवणीची आहे. दुसऱ्या गटाची ९६ अंडी फलित होती; त्यांपैकी साडेबासष्ट टक्केच फुटली. त्यांचा कळप उत्तम, दोष उबवणीच्या व्यवस्थेत आहे. तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्याने केवळ पिल्लांची संख्या न विचारता हे दोन्ही आकडे विचारावेत. पहिल्या गटाला नवे यंत्र देऊन उपयोग नाही आणि दुसऱ्याला नवे नर देऊन उपयोग नाही.

न फुटलेली अंडी फेकण्यापूर्वी बाहेर, मोकळ्या जागी फोडून पाहावीत. पूर्ण वाढलेली पण छिद्र न पाडलेली पिल्ले अधिक आढळल्यास आर्द्रता, तापमान, फिरविणे व हवा यांचा फेरविचार करावा. काळी, दुर्गंधीयुक्त अंडी मळकी अंडी ठेवल्याचा पुरावा देतात. त्यानंतर अंडी खोल पुरावीत व यंत्र धुऊन निर्जंतुक करावे.

पिल्ले निघाल्यानंतर

पिल्लांची सोय यंत्र सुरू करण्यापूर्वीच झालेली असावी. कोंबडीचे पाचवे काम, म्हणजे पंखाखाली घेणे, हेही आता माणसाकडे आलेले असते. पहिल्या आठवड्यात दिव्याखालील तापमान सुमारे ३५ अंश ठेवून पुढे दर आठवड्यास तीनेक अंशांनी उतरवावे. पिल्ले दिव्याखाली गर्दी करीत असल्यास ऊब कमी आहे. कडेला पळून चोची उघडत असल्यास ती अधिक आहे. सर्वत्र पसरून दाणे टिपत असल्यास योग्य आहे. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात, म्हणून तुसाचा थर व वर गोणपाट घालावे. आरंभी मक्याचा बारीक भरडा व स्वच्छ पाणी द्यावे आणि पुढे पिल्लांचे खाद्य सुरू करावे.

निघालेल्या पिल्लांपैकी निम्मे नर धरावेत. सर्वांच्याच तलंगा होतील या हिशेबाने केलेली आखणी फसते. राणीखेत किंवा मानमोडी हा रोग लसीविना सारा कळप संपवितो. मरेक रोगाची लस पहिल्या दिवशी, राणीखेतची पहिल्या आठवड्यात व गंबोरोची दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, ही सर्वसाधारण क्रमवारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्याने पक्की करावी. लसीची कुपी शेकडो पक्ष्यांसाठी असते आणि एकदा उघडल्यावर ती थोड्या तासांतच वापरावी लागते. म्हणून गावातील तीन-चार गटांनी अंडी ठेवण्याचा दिवस एकच ठरविल्यास एका कुपीत सर्वांची पिल्ले होतात. हे काम कोणत्याही यंत्राला जमणारे नाही. ग्रामपंचायतीला ते सहज जमते. रोगाविषयी बेफिकिरी किती महाग पडते, हे २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्ल्यूच्या साथीत असंख्य पक्षी नष्ट करावे लागले तेव्हा राज्याने पाहिलेले आहे. अचानक अनेक पक्षी मेल्यास ते न लपविता तात्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

सामूहिक प्रयत्नाची गरज

उबवणी यंत्र हे दिवसरात्र चालणारे साधन आहे. त्याला सुट्टी नाही. एकट्या स्त्रीवर एकवीस दिवसांचा भार टाकण्यापेक्षा गटातील तिघी-चौघींनी पाळ्या वाटून घेतल्या आणि प्रत्येक पाळीची सही नोंदवहीत झाली, तर रात्री वीज गेल्याचे कळते आणि दुपारचे फिरविणेही चुकत नाही. शाळेत प्रयोग करावयाचा असल्यास रविवारची व सणाच्या सुट्टीची व्यवस्था, तसेच निघालेली पिल्ले कोणाच्या घरी जाणार, हे अंडी ठेवण्यापूर्वीच ठरले पाहिजे. पहिल्या खेपेस यंत्राची संपूर्ण क्षमता वापरण्याऐवजी वीस-पंचवीस अंडीच ठेवावीत. चूक झाल्यास नुकसान थोडे होते आणि शिकावयाचे ते सारे शिकून होते.

पंचायतीने वा विभागाने यंत्र देताना त्याबरोबर खात्रीचा तापमापक, विजेची पर्यायी सोय, नोंदवही, पिल्लांसाठी उबेची जागा व लसीकरणाची तारीख यांचाही विचार केला, तर दिलेले यंत्र वर्षानुवर्षे चालेल. एका चांगल्या खेपेतून निघालेल्या तलंगा पाच-सहा महिन्यांत स्वतः अंडी देऊ लागतात आणि त्यांतलीच काही पुन्हा यंत्रात जातात. परसातील पुंजी वाढण्याचा मार्ग असा आहे. त्या मार्गावरील पहिले एकवीस दिवस दक्षतेने पार पाडणे, एवढेच काम माणसाच्या हाती असते आणि तेवढे पुरेसे असते.